सक्ती करणाऱ्याने आधी सोय करावी

आपल्याच हक्काच्या पैशाचा हिशेब पाहायचा असेल तर आधी मोबाईलवर आलेला सहा आकडी संदेश दाखवा, ही अट आता सर्वत्र रूढ झाली आहे. चोराला अडवायला कुलूप हवेच, त्याबद्दल आमचा वाद नाही. वाद आहे तो असा की, कुलूप लावताना सरकारने एकच किल्ली केली आणि ती नेमकी परगावी, परदेशी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या हाती लागत नाही. हा प्रश्न बडोद्याच्या मराठी घरांचाही आहे, म्हणून आम्ही तो येथे मांडत आहोत.

१९६५ साली अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला. त्यानंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकलेली आपली कितीतरी मुले तिकडे गेली. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे त्यांनी पगारातून सोशल सिक्युरिटीचा कर भरला. आज त्यांतले काही वडिलोपार्जित घरी परत आले आहेत, काही वर्षातले सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे असतात. त्यांना मिळणारे मासिक वेतन हे कोणाचे उपकार नव्हेत, ती त्यांच्या कष्टाची कमाई आहे.

जुलै २०१६ च्या अखेरीस अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याने एक फतवा काढला. संगणकावरचे आपले खाते उघडायचे तर दर वेळी मोबाईलवर संदेशाने आलेला आकडा भरलाच पाहिजे, आणि ज्याच्याकडे असा मोबाईल नाही त्याला खाते पाहता येणार नाही. सरकारी संकेतस्थळांची सुरक्षा वाढवा, असा राष्ट्राध्यक्ष ओबामांचा ऑक्टोबर २०१४ चा आदेश होता. त्याचे पालन म्हणून हे केले गेले. पण ज्या खात्याचे बहुसंख्य लाभार्थी वृद्ध, त्याने वृद्धांचा विचारच केला नाही. तक्रारींचा असा भडिमार झाला की दोन आठवड्यांच्या आत सक्ती मागे घ्यावी लागली. १० जून २०१७ पासून दुसरी खूण पुन्हा सक्तीची झाली, पण या वेळी मोबाईल संदेश किंवा ईमेल असे दोन मार्ग दिले गेले. म्हणजे सोय करता येत होती. लोक ओरडल्याशिवाय ती करावीशी वाटली नाही, एवढेच.

त्यातही मौज पाहा. ज्या जुलै महिन्यात ही सक्ती झाली, त्याच महिन्यात अमेरिकेच्याच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेने आपल्या मसुद्यात मोबाईल संदेशाची पद्धत हळूहळू सोडून द्यावी असे सुचवले होते. २०१७ च्या अंतिम नियमांत ती ‘मर्यादित’ वर्गात टाकली गेली. कारण उघड आहे. संदेश माणसाकडे जात नाही, तो क्रमांकाकडे जातो. भामट्याने मोबाईल कंपनीला फसवून तुमच्या क्रमांकाचे नवे सिमकार्ड काढले की तुमचे आकडे त्याच्या खिशात. शिवाय २०१६ ची ती योजना जुन्या खात्यांपुरतीच उपयोगाची होती. दुसऱ्याच्या नावाने नवे खाते उघडणारा चोर स्वतःचाच मोबाईल क्रमांक देऊ शकत होता. चोराला वाट मोकळी आणि धन्याला दार बंद, याला सुरक्षा म्हणायचे काय?

आता आपल्या देशाकडे वळू. मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांना सांभाळायला आपली मंडळी न्यूजर्सीला, टोरोंटोला जातात. मुक्काम सहा महिन्यांचा होतो. इकडचे सिमकार्ड कपाटात पडून राहते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमानुसार प्रीपेड क्रमांक नव्वद दिवस न वापरल्यास तो बंद होऊ शकतो. खात्यात निदान वीस रुपये शिल्लक असतील तर क्रमांक राखण्याची सोय आहे, पण ती किती जणांना माहीत आहे? बंद झालेला क्रमांक किमान नव्वद दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असे प्राधिकरणाने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले. याचा अर्थ, त्यानंतर तो परक्याच्या हाती जाऊ शकतो, आणि आपल्या आजोबांच्या बँकेचे आकडे त्या परक्याच्या मोबाईलवर वाजू शकतात.

आधार जोडलेल्या कामांत तर परदेशी क्रमांकाला जागाच नाही. जानेवारी २०२४ च्या नियमांत अनिवासी भारतीयांसाठी स्पष्ट लिहिले आहे की भारताबाहेरच्या क्रमांकावर संदेश पाठवला जाणार नाही. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची वेळ येते. ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये आली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहरा दाखवून दाखला देण्याची पद्धत सुरू झाली. दोन्ही स्तुत्य आहेत. पण त्या अ‍ॅपमध्ये नोंदणी करतानाही ओटीपी मागितला जातोच! केंद्राच्या निवृत्तांना परदेशात भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्याची किंवा नोटरीची सही घेऊन कागदी दाखला पाठवता येतो. हा जुना मार्ग आजही उघडा आहे, मात्र तो त्यांना आपणहून कोण सांगतो?

कोणी म्हणेल, म्हाताऱ्यांनी काळाबरोबर चालायला शिकावे. शिकतात की! व्हिडिओवर नातवंडांशी रोज बोलणारी आजी अडाणी नाही. तिच्याकडे अमेरिकेतला मोबाईल आहे, ईमेल आहे, पासपोर्ट आहे. तिची ओळख पटवायला यांतले काहीच चालत नसेल, तर अडाणीपण कोणाचे?

येथे आम्हाला आपल्याच इतिहासाची आठवण करून द्यावीशी वाटते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सर्व राज्यात. पण ती सक्ती फी घेऊन केली नाही, शिक्षण मोफत ठेवले. सक्ती करणाऱ्यानेच आधी सोय करायची, हा राज्यकारभाराचा धडा याच शहरात गिरवला गेला. आजच्या राज्यकर्त्यांनी तो विसरू नये.

आमच्या मागण्या अशा:

१. कोणत्याही सरकारी लाभाच्या खात्यासाठी मोबाईल संदेश हा एकमेव मार्ग नसावा. ईमेल, मोबाईलमधील आकडे देणारे अ‍ॅप, सुरक्षा-किल्ली, कागदावर छापून ठेवायचे राखीव आकडे, हे पर्याय असावेत. अमेरिकेच्या लॉगिन डॉट गव्ह या सरकारी प्रवेशव्यवस्थेत अ‍ॅप, किल्ली आणि राखीव आकडे चालतात. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०२५ मध्ये संदेशापलीकडच्या पद्धतींना वाट करून देणारे नियम काढले आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख दिली. बँकेला जमते ते निवृत्तीवेतन खात्याला का जमू नये?

२. नोंदलेल्या परदेशी क्रमांकावर आणि ईमेलवर आधारचे आकडे पाठवावेत.

३. कागदी हयातीचा दाखला कधीही बंद करू नये, आणि त्याची माहिती प्रत्येक निवृत्ताला त्याच्या भाषेत पत्राने द्यावी.

४. संदेश मिळाला नाही म्हणून कोणाचेही वेतन थांबवू नये.

हे निवेदन आपल्या खासदारांकडे देण्यासाठी मंडळाच्या कार्यालयात ठेवले आहे. ज्यांच्याकडे अमेरिकेचे नागरिकत्व आहे त्यांनी तिकडच्या आपल्या लोकप्रतिनिधीलाही लिहावे. २०१६ साली सक्ती मागे गेली ती पत्रांनी आणि फोनांनीच.

तोवर घरोघरी एवढे करावे: वडीलधारे परदेशी निघण्यापूर्वी त्यांचे सिमकार्ड चालू राहील याची तजवीज करावी, बँकेत ईमेल नोंदवावा, अमेरिकेच्या खात्याचे राखीव आकडे कागदावर उतरवून कुलुपात ठेवावेत, आणि ओटीपी कोणालाही, अगदी ‘साहेब’ म्हणवणाऱ्यालाही, फोनवर सांगू नये. बाकीचे काम सरकारचे आहे, आणि ते करवून घेणे आपले.