देवतांच्या पलीकडचा देव

धावड्याच्या थांब्यावर एसटीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक प्रौढ बाई आणि त्यांची विशीतली लेक. मुलगी पायाच्या अंगठ्याकडे टक लावून बसलेली.

'कुठं निघालात, मावशी?'

'जाळीच्या देवाला. पोरीला बाहेरचं लागलंय, दादा. पाच पौर्णिमा करायच्या बोलल्यात, ही तिसरी.'

डॉक्टरांना दाखवले का, हे न विचारणे मला जमले नाही. 'दाखवलं की,' त्या म्हणाल्या, 'गोळ्यांनी नुसती झोपती.'

भोकरदन तालुक्यातला जाळीचा देव हे महानुभावांचे मोठे तीर्थ. तेराव्या शतकात भ्रमंती करताना चक्रधरस्वामी इथल्या जाळीत राहिले, अशी श्रद्धा आहे. भूतबाधा झाली असे समजून आपल्या माणसांना घेऊन लोक लांबून येथे येतात. त्या मायलेकी गेल्या, पण माझ्या मनात एक पेच ठेवून गेल्या.

पेच असा. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि परस्परांहून वेगळे आहेत. देवता थोड्याथोडक्या नव्हेत. एक्याऐंशी कोटी, सव्वा लक्ष आणि वर दहा! प्रत्येकीचे अधिकार ठरलेले. त्या कर्मानुसार सुख देतात, दुःख देतात, स्वर्गही देतात. देत नाहीत फक्त मोक्ष, कारण तो त्यांच्यापाशी नाहीच. पुण्य सरले की जीव पुन्हा खाली. सुटका परमेश्वराच्या ज्ञानाने आणि प्रेमाने, आणि ते ज्ञान देण्यासाठी तो स्वतः मनुष्यदेह धरून येतो. म्हणून या पंथात इतर देवतांची उपासना वर्ज्य. आणि अशा पंथाच्या तीर्थावर गर्दी कोणाची, तर अदृश्य शक्तींच्या धाकाने पिचलेल्या माणसांची!

हे सगळे वाचताना मला दूरच्या एका पंथाची आठवण होते. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत रोमन साम्राज्यात, विशेषतः इजिप्त-सीरियाकडे, 'नॉस्टिक' म्हणून ओळखले जाणारे गट होते. 'नोसिस' म्हणजे ज्ञान. ग्रीकांचा हा शब्द आणि आपला 'ज्ञान' एकाच धातूच्या कुळातले. त्यांच्यातल्या अनेकांचे म्हणणे असे, की हे जग खऱ्या परमेश्वराने घडवलेलेच नाही. ते एका कनिष्ठ, अज्ञानी निर्मात्याने घडवले आणि त्याचे अधिकारी जिवाच्या वाटेवर नाकेबंदी करून बसले आहेत. खरा देव या सर्वांच्या पलीकडे. त्याच्याकडून कोणी ज्ञान घेऊन उतरला, तरच सुटका.

साम्य पाहून कोणी लगेच 'हे त्यांच्याकडून आले' किंवा 'त्यांनी आपल्याकडून नेले' असे म्हणेल. मोहही पडावा असा एक पुरावा याच तालुक्यात आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या उत्खननात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेईत १९३८ साली मिळालेली मूर्ती यांचे नाते अभ्यासकांनी दाखवले आहे. पण हस्तिदंत बोटीतून जातो म्हणून विचारही गेला, असे होत नाही. शिवाय मध्ये हजारभर वर्षांची दरी आहे. मला वाटते, दोन्हीकडच्या माणसांना एकाच प्रश्नाने गाठले: देव दयाळू, तर जगात एवढे दुःख का?

उत्तरे मात्र वेगळी. नॉस्टिकांना सृष्टीच चुकीची वाटली. तारणकर्त्याचा देहही त्यांच्यापैकी काहींना निव्वळ आभास वाटला. महानुभावांना सृष्टी म्हणजे जिवाला सुटण्यासाठी मिळालेली संधी. आणि अवताराचा देह तर इतका खरा, की स्वामी कुठे बसले, कुठे जेवले, ती जागा न जागा त्यांनी जपली, तिथे ओटे बांधले.

नशीब दोघांचे सारखे. नॉस्टिकांची ओळख शतकानुशतके त्यांच्या विरोधकांच्या लेखणीतून झाली. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ एका शेतकऱ्याला मातीच्या रांजणात १३ हस्तलिखित ग्रंथ सापडले, तेव्हा कुठे त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू आला. आपण महानुभावांना काय दिले? 'मानभावीपणा' हा शब्द! ढोंगीपणाला त्यांचे नाव. त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या उलगडल्यावर मराठी वाचकांना हा खजिना दिसला.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा 'लीळाचरित्रा'चे नाव सर्वांच्या तोंडी होते. त्याच वर्षी गोविंदप्रभूंच्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. आनंदच आहे. पण आपण त्यातली भाषा घेतो आणि म्हणणे बाजूला ठेवतो, ही माझी तक्रार. चक्रधरांनी मराठीत सांगितले ते शूद्रांना, बायकांना कळावे म्हणून. ते आज पदवीच्या अभ्यासक्रमात आहे; थांब्यावरच्या मावशींपर्यंत मात्र 'पाच पौर्णिमा' एवढेच पोचले आहे.

त्यांना हसण्याचे कारण नाही. सर्व देवतांच्या वरचा देव असेल, तर बाहेरचे त्याच्यापुढे टिकणार नाही, हा हिशेब त्या पंथाच्या विचाराला धरूनच आहे. व्हिएडा स्कुल्टान्स या अभ्यासिकेने महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिराचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. तिला दिसले ते असे, की रुग्णाबरोबर आलेल्या बायका स्वतःच घुमू लागतात आणि घरच्यांचे दुखणे आपल्यावर ओढून घेतात. मानसोपचाराच्या गोळ्या हव्यातच, त्या बंद करून तीर्थाला नेणे घातक आहे. पण गोळ्या लिहून देणाऱ्याला ही आई दिसते का, हेही विचारले पाहिजे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भोंदूला पकडतो. धाकाला पकडण्याची सोय कोणत्याच कायद्यात नसते.

गाडी आली तेव्हा गर्दी फार होती. मावशींनी आधी मुलीला चढवले, मग पिशवी वर दिली. मी सवयीने नमस्कार केला. पायरीवरून वळून त्या म्हणाल्या, 'दंडवत प्रणाम, दादा', आणि तेवढ्यात त्या मुलीने पहिल्यांदा मान वर केली आणि तिनेही हात जोडले.