गाडी विकायची, पण कोणाला?

आपल्या घरात वस्तू येताना तिचे जेवढे कौतुक होते, त्याच्या शतांशानेही ती जाताना होत नाही. नवी मोटार दारात उभी राहिली की तिला हळदकुंकू लागते, चाकांखाली लिंबे चिरडली जातात, नारळ फुटतो, शेजारीपाजारी पेढे जातात. तीच मोटार दहा वर्षांनी जायला निघाली की घरातली माणसे तिच्याभोवती कागद-पेन्सिल घेऊन बसतात आणि तिचे किती येतील याचा हिशेब मांडू लागतात. दसरा-पाडव्याच्या सुमारास तर हा हिशेब घरोघर चाललेला असतो. नवी घ्यायची म्हणजे जुनी काढायची, आणि जुनी काढायची म्हणजे ती व्यापाऱ्याला द्यायची की परभारे एखाद्या गरजू गिऱ्हाइकाला, हा प्रश्न आलाच.

वाचकहो, या सदरातून मी एरवी पुस्तकांविषयी आणि विद्यार्थ्यांविषयी लिहिते. मोटारीच्या यंत्रातले मला काही कळते असा माझा दावा नाही. परंतु गाडी विकताना यंत्रापेक्षा माणसांशीच अधिक गाठ पडते, असे मला यंदा आढळून आले. म्हणून हा अधिकार घेते.

आमची गाडी २०१५ सालची, पेट्रोलवर चालणारी लहान मोटार. बासष्ट हजार किलोमीटर धावलेली. महाविद्यालयात जायला आता मेट्रो झाली, मुलगी शिकायला परगावी गेली, आणि गाडी आठवड्यातले पाच दिवस झाडाखाली उभी राहून पाने झेलू लागली. शिवाय मुलीच्या पुढच्या सत्राचे शुल्क भरायचे होते. तेव्हा गाडी विकायचे ठरले. जुन्या मोटारींच्या एका व्यापाऱ्याने ती पाहिली, बॉनेट उघडले, दारांच्या कडांवरून बोट फिरवले आणि एक लाख नव्वद हजार सांगितले. परभारे विकली तर दोन लाख तीस हजारांपर्यंत जाईल, असे चार जाहिराती चाळल्यावर दिसत होते. मधे चाळीस हजारांचे अंतर! मध्यमवर्गीय घरात चाळीस हजार ही काही हसण्यावारी नेण्याची रक्कम नव्हे. आमच्या ह्यांनी तर "हा उघड उघड दरोडा आहे" असे म्हणून चहाचा कप खाली आपटला.

पण शांतपणे पाहिले तर तो दरोडा नव्हता. व्यापारी आपली गाडी घेतो ती चालवायला नव्हे, विकायला. ती किती दिवसांनी खपेल हे त्याला ठाऊक नसते. तोवर जागेचे भाडे, अडकलेल्या पैशाचे व्याज, टायर, बॅटरी, रंगाचे डाग हे सारे त्याच्या अंगावर असते. पुढे गाडीत काही निघाले तर गिऱ्हाईक त्याच्याच दारात येऊन उभे राहते. त्याखेरीज त्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर जानेवारी २०२५ पासून अठरा टक्के जीएसटी आहे. तुम्ही-आम्ही आपली गाडी एकमेकांना विकली तर हा कर लागत नाही. हे सगळे वजा करून जे उरते ते तो आपल्या हातावर ठेवतो. ते चाळीस हजार म्हणजे एका परीने आपण टाळलेल्या कटकटीची मजुरी असते. ती मजुरी त्याला द्यायची की स्वतः कमवायची, एवढाच खरा प्रश्न.

यात आणखी एक गोम आहे. आपल्या गाडीची किंमत आपल्याला नेहमी जास्तच वाटते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय मोटारींनाही लागू आहे. आपण किंमत लावतो ती गणपतीपुळ्याच्या प्रवासाची, मुलीला परीक्षेला सोडलेल्या सकाळींची. गिऱ्हाईक मात्र टायरचे खाच मोजते. बाजारही आपल्या आठवणींसाठी थांबत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही तिच्या मागोमाग खाली येतो. शिवाय डिसेंबर संपला की गाडी एका रात्रीत एक वर्षाने म्हातारी होते. म्हणून विकायचे ठरल्यावर "पाहू पाडव्यानंतर, पाहू संक्रांतीनंतर" असे म्हणत बसणारा माणूस व्यापाऱ्याच्याच पथ्यावर पडतो.

जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये त्याला दोघा सहकाऱ्यांबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत खोडीच्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. आपण दृष्ट लागू नये म्हणून गाडीला लिंबू बांधतो; तिकडे गाडीच लिंबू निघते! अकेरलॉफचे म्हणणे थोडक्यात असे: गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा भीत भीत मधलाच भाव देऊ करतो. तो भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो घरी परततो, आणि बाजारात लिंबेच उरतात. हे वाचल्यावर माझ्या ध्यानात आले की परभारे विकून जादा पैसे मिळवायचे असतील तर आपल्या गाडीचा चांगुलपणा घेणाऱ्याला दाखवता आला पाहिजे. सर्व्हिसिंगच्या पावत्या, विम्याचे कागद, पीयूसी, कर्ज फिटल्याची नोंद, दोन्ही किल्ल्या, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट, हे सारे एका पिशवीत तयार हवे. ज्याच्याजवळ ही पिशवी नाही, त्याने व्यापाऱ्याशी फार हुज्जत घालू नये.

आमची पिशवी तयार होती, म्हणून आम्ही जाहिरात दिली. मग दोन आठवडे घरी माणसांची रीघ लागली. गाडी माझ्या नावावर, चालवत होते मी, पण येणारा प्रत्येक गृहस्थ प्रश्न ह्यांना विचारी. "साहेब, ॲव्हरेज काय देते?" साहेबांना ते ठाऊक नसे, ते माझ्याकडे पाहत, आणि मी उत्तर दिले की गृहस्थ पुन्हा साहेबांनाच म्हणे, "बरं, आणि क्लच कधी बदललाय?" एकाने गाडी न पाहताच फोनवर भाव निम्मा केला. एकाने चक्कर मारायला म्हणून गाडी मागितली तेव्हा ह्यांनी त्याच्याशेजारी बसून जाण्याचा आग्रह धरला आणि मी त्याच्या परवान्याचा फोटो काढून ठेवला. यात संशयीपणा नाही, व्यवहार आहे. पैशांच्या बाबतीतही तेच: पूर्ण रक्कम आपल्या खात्यात जमा झालेली दिसेपर्यंत किल्ली आणि मूळ कागद हातचे सोडायचे नाहीत.

पण या सगळ्या दगदगीपेक्षा मोठी गोष्ट पुढेच असते, आणि तिच्याकडेच लोकांचे दुर्लक्ष होते. आमच्या महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्यांनी आपली स्कूटर ओळखीच्या मेकॅनिकला दिली. कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, पैसे खिशात घातले आणि विसरले. स्कूटर पुढे कोणाकोणाकडे गेली देव जाणे. दंडाच्या नोटिसा मात्र तीन वर्षे ह्यांच्याच नावाने येत राहिल्या. नोटिसांवर भागले हे त्यांचे नशीब. अपघात झाला असता तर? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला, की गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला विकली असली तरी परिवहन खात्याच्या दप्तरात ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते. म्हणजे पैसे घेतल्याने गाडी आपली राहिली नाही, ही आपली समजूत, कायद्याची नव्हे.

म्हणून एवढे लक्षात ठेवावे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९. घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नाव बदलण्याचा अर्ज करायचा, तो नमुना ३०. गाडी परराज्यात जाणार असेल तर नमुना २८ चा ना-हरकत दाखला आधी हवा. कर्ज होते आणि फिटले, तर नमुना ३५ वर बँकेची सही घेऊन तो बोजा उतरवून घ्यायचा. विमाही घेणाऱ्याच्या नावे व्हायला हवा. मात्र दावा न केल्याबद्दल मिळालेली सवलत गाडीची नसून आपली असते. तिचा दाखला विमा कंपनीकडून मागून घेतला तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला ती लावता येते. ही सवलत पन्नास टक्क्यांपर्यंत जाते, आणि कितीतरी माणसे ती फुकट सोडून देतात. फास्टॅगही बंद करावा. नाहीतर गाडी जाईल कोल्हापूरला आणि टोल कापला जाईल आपल्या खात्यातून.

व्यापाऱ्याला गाडी देतानाही कोऱ्या कागदावर सही हा जुना प्रकार आता चालवून घेऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून नियम बदलले आहेत. परिवहन खात्याकडून अधिकृत झालेल्या व्यापाऱ्याकडे गाडी सोपवताना नमुना २९ ग भरून तसे आरटीओला ऑनलाइन कळवता येते, आणि त्यानंतर पुढचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो व्यापारीच गाडीचा मालक मानला जातो. तेव्हा "भाव किती देता?" याच्या आधी "तुमचे अधिकारपत्र कुठे आहे?" असे विचारावे. ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्याकडून चहाही घेऊ नये.

आमची गाडी अखेर एका तरुण जोडप्याने दोन लाख वीस हजारांना घेतली. डाव्या दाराला पूर्वी एकदा मार लागला होता आणि वातानुकूलन भर उन्हाळ्यात थोडे दमते, हे मी त्यांना आपण होऊन सांगितले. ह्यांनी डोळे वटारले. पण ती मुलगी म्हणाली, "मॅडम, आतापर्यंत सहा गाड्या पाहिल्या, दोष सांगणारं माणूस पहिलंच भेटलं." दहा हजार कमी झाले खरे, मात्र त्यांनी दुसऱ्यांदा घासाघीस केली नाही, आणि नाव बदलायच्या कामासाठी माझ्याबरोबर वेळेवर आले.

हे ऐकून आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. काकांना जाऊन दोन महिने झाले. त्यांची गाडी खाली उभी. मुलगा परदेशात. काकू म्हणाल्या, "अगं, तुला तीस हजार जास्त मिळाले म्हणतेस, मग माझीही अशीच विकून दे ना. व्यापारी फारच कमी सांगतोय." क्षणभर मलाही हुरूप आला. मग मी विचार केला. काकूंची गाडी अजून काकांच्याच नावावर होती. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावे करून घ्यायची, असा नियम आहे. ते आधी व्हायला हवे होते. त्यानंतर अनोळखी माणसे एकट्या बाईच्या घरी येणार, कुणी फेरी मारायला गाडी नेणार, कुणी काकांच्या गाडीत खोट काढणार. तो प्रत्येक शब्द काकूंना गाडीवर नव्हे, काकांवर लागणार होता.

मी म्हटले, "काकू, आधी गाडी तुमच्या नावावर करू. कागदांना मी बरोबर येते. मग तीन अधिकृत व्यापाऱ्यांना दाखवू आणि जो जास्त देईल त्याला देऊन टाकू."

"आणि ते तीस हजार?"

"ते तुमच्या झोपेची किंमत समजा."

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तसं यांनाही घासाघीस कधी जमली नाही."

एकच गाडी, एकच शहर, आणि दोन घरांना दोन उत्तरे. ज्याच्याजवळ महिनाभराचा वेळ आहे, कागद पुरे आहेत, गाडी धडधाकट आहे आणि घरात दुसरे माणूस आहे, त्याने जरूर परभारे विकावी आणि ती मजुरी स्वतः कमवावी. ज्याला गाव सोडायचे आहे, ज्याची गाडी फार जुनी किंवा दुखणाईत आहे, जो एकटा आहे किंवा ज्याचे मन सध्या ठिकाणावर नाही, त्याने तीन ठिकाणी भाव विचारून अधिकृत व्यापाऱ्याला द्यावी आणि चुटपुट लावून घेऊ नये. दोघांनीही नमुन्यांच्या पोचपावत्या मात्र जपून ठेवाव्यात.

काकूंच्या गाडीचे कागद कार्तिकात होतील. व्यापारी दोन पाहून ठेवले आहेत, तिसरा शोधते आहे.