विश्लेषण : स्तनाच्या कर्करोगात रेडिएशन आता पाच दिवसांत?

शस्त्रक्रियेनंतर पूर्वी पाच आठवड्यांत २५ वेळा रेडिएशन दिले जाई. पुढे हा काळ तीन आठवड्यांवर आला. ब्रिटनमधील ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीत तो एका आठवड्यावर आणून पाहिला गेला. चार हजारांहून अधिक रुग्णांच्या या चाचणीत १५ फेऱ्यांत ४० ग्रे आणि पाच फेऱ्यांत २६ ग्रे मात्रेची तुलना झाली. दर वेळची मात्रा मोठी, एकूण मात्रा कमी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांत त्याच स्तनात आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. उपचारांसाठी गावाहून मुंबईत मुक्काम करणाऱ्यांची दोन आठवड्यांची मजुरी आणि खोलीभाडे यातून वाचू शकते. मात्र ही पद्धत सरसकट सर्वांसाठी नाही. आजार काखेतील गाठींपर्यंत पोहोचला आहे का, हे पाहून डॉक्टर फेऱ्या ठरवतात. त्यामुळे उपचार सुरू होण्यापूर्वीच हा पर्याय विचारून घ्यावा.