कोकणातील बंद घरे आणि पाहुणचाराचा धंदा

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरची नऊ माणसे दोन दिवसांसाठी एका कृषी पर्यटन केंद्रावर गेलो होतो. जागा चांगली होती. आमराई, विहीर, गोठा, मुलांना हुंदडायला मोकळे रान. परंतु खोल्या उंच जोत्यावर, चढायला चार पायऱ्या, धरायला कठडा नाही आणि संडास अंगणापलीकडे, तोही उकिडवे बसण्याचा. गुडघ्यांनी अधू झालेल्या आईला आम्ही दोघा भावांनी उचलून वर नेले. संडासाला जावे लागू नये म्हणून तिने दिवसभर पाणी पिणे टाळले. दुसऱ्या दिवसाचा मुक्काम रद्द करून आम्ही परत आलो. मालक भला माणूस होता, त्याने मनापासून दिलगिरी व्यक्त केली. पण नऊ माणसांच्या एका दिवसाच्या उत्पन्नाला तो चार पायऱ्यांपायी मुकला.

हा हिशेब आपल्या व्यापारी बंधूंनी नीट समजून घ्यावा. आपल्याकडे माणूस एकटा सहलीला जात नाही, कुटुंब जाते. कुटुंबात आजी असते, पोलिओने पाय गेलेला भाऊ असतो, बाळंतपणातून नुकतीच उठलेली सून असते. त्यांच्यापैकी एकाची गैरसोय होणार असेल तर बाकीची आठ माणसेही घरीच बसतात. गिऱ्हाईक एक जात नाही, नऊ जातात.

महाराष्ट्रात हा धंदा नवा नाही. २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू केला. २०२० मध्ये राज्य शासनाने स्वतंत्र कृषी पर्यटन धोरण जाहीर केले आणि पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करण्याची सोय झाली. नोंदणीच्या अटी तेथूनच समजून घ्याव्यात, एजंटाच्या तोंडी माहितीवर विसंबू नये.

त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नवे झाड उत्पन्न देईपर्यंत बरीच वर्षे वाट पाहावी लागते. केवळ बागेवर संसार ठेवणे किती धोक्याचे, हे त्या एका दिवसाने शिकवले. दुसरीकडे म्हसळा, मंडणगड, खेड या तालुक्यांतील आपल्या वस्त्यांमध्ये आखाती देशांतील कमाईवर बांधलेली चांगली घरे कुलूप लावून पडली आहेत. मे महिन्यात किंवा लग्नकार्यात ती उघडतात, एरवी वाळवी खाते. घर आहे, जमीन आहे, हाताला चव असलेल्या बायका आहेत. मग तरुण मुलगा दहा-बारा हजारांच्या नोकरीसाठी मुंबईत दाटीवाटीने का राहतो?

अनेकांना वाटते की या धंद्याला पोहण्याचा तलाव आणि वातानुकूलित खोल्या लागतात. माझे मत वेगळे आहे. सुरुवात तळमजल्यावरील दोन खोल्यांनी करावी आणि पहिला पैसा उंबरठ्यावर खर्च करावा. उताराचे माप सोपे आहे, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. जोते दीड फूट असेल तर अठरा फुटांचा उतार लागेल. त्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा. कोबा गुळगुळीत करू नये. सिमेंट ओले असतानाच त्यावर केरसुणीने आडव्या रेघा ओढाव्यात, म्हणजे पावसाळ्यात पाय घसरणार नाही. चाकाची खुर्ची जाण्यासाठी दार तीन फूट मोकळे हवे. न्हाणीघरात खुर्ची वळायला पाच फूट जागा, बसण्याचा कमोड आणि त्याच्या बाजूला भिंतीत पक्का रोवलेला दीड इंची पाइप हवा. वजू बसून करता येईल असा ओटा आणि नमाजासाठी खुर्ची ठेवली तर वृद्ध पाहुणा दुवा देईल. ही सगळी कामे गावचा गवंडी, सुतार आणि वेल्डर करू शकतो. ज्या कारागिराने अशी एक खोली नीट केली, त्याला पुढची दहा कामे मिळतील, कारण हे काम जाणणारे आज थोडे आहेत.

भांडवलाचा प्रश्न निघाला की बँकेचे कर्ज पुढे येते आणि त्यामागून व्याज. दोन खोल्यांना त्याची गरज नाही. आखातात असलेला भाऊ घर देईल, गावातला भाऊ मेहनत करील, नफा-तोटा ठरलेल्या हिश्श्याने वाटून घ्यावा. मात्र करार लेखी असावा. भावाभावांतील तोंडी भागीदारीने किती घरे फोडली, हे कोणाला सांगायला नको.

काही बुजुर्ग म्हणतील, परके लोक गावात येतील, पडद्याचे काय, दारूचे काय? शंका रास्त आहे. उपाय असा की नियम खोली ठरवतानाच स्पष्ट सांगावेत. दारू चालणार नाही, जेवण हलाल, पाहुण्यांचे अंगण वेगळे, घरच्यांचे वेगळे. हे मान्य असेल तो कोणत्याही धर्माचा असो, त्याचे स्वागत. दारू नसलेली, मुलाबाळांना सुरक्षित जागा शोधणारी हिंदू कुटुंबेही पुष्कळ आहेत.

दोन गोष्टींचा मात्र आग्रह धरतो. पहिली, खरेपणाची. पायऱ्या किती, दार किती रुंद, हे फोनवर विचारण्याआधीच सांगा. मालाचा दोष लपवून विकणे आपल्या दीनमध्ये फसवणूकच आहे आणि खोलीही मालच आहे. दुसरी गोष्ट, पहाटे उठून घावणे, सांदण आणि माशाचे सालन करणारी बाई घरची आहे म्हणून फुकट राबू नये. तिचा हिस्सा करारात लिहावा. बाईची कमाई तिच्या मालकीची, हा हक्क आपल्या शरीअतनेच तिला दिलेला आहे.

प्रेषित इब्राहीम (अ.) यांनी अनोळखी पाहुण्यांपुढे भाजलेले वासरू ठेवले, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो. पाहुणचार आपल्या रक्तात आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण ज्या घरात म्हातारी आई उचलून न्यावी लागते, तेथे पाहुणचार दारातच अडतो. आधी तेवढा उतार बांधा. बरकत देणारा अल्लाह आहे.