बोंबील चालतो, मग मटणाचे लोणचे का नाही?

तुमच्यापैकी कोणाचा मामा किंवा आत्या जर्मनीत राहत असेल, तर मे महिन्याची सुटी संपवून परत जाताना बॅगेत काय भरावे यावरून घरात होणारा वाद तुम्ही ऐकला असेल. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सुके बोंबील, सुकट, खारा बांगडा असे मासळीचे पदार्थ स्वतःच्या खाण्यासाठी एकूण २० किलोपर्यंत आणता येतात. ताजा मासा असल्यास तो आतडी काढलेला हवा, एवढेच. मटणाचे लोणचे मात्र पाव किलोही चालत नाही. "हा निव्वळ आडमुठेपणा!" असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. मला तसे वाटत नाही.

या नियमामागे लाळ-खुरकूत हा रोग आहे. तो गाई, म्हशी, शेळ्या, डुकरे अशा दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना होतो. माशांना होत नाही. आपल्या गोठ्यांत त्याने कायमचे ठाण मांडले आहे. जर्मनीत मात्र १९८८ नंतर तो थेट जानेवारी २०२५ मध्ये, बर्लिनजवळच्या म्हशींत निघाला.

जनावर कापल्यावर त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होते, सामू ६ च्या खाली उतरतो आणि तेथील विषाणू निकामी होतो. पण हाडांतील मज्जा आणि लसिका ग्रंथी यांत इतके आम्ल होत नाही. तेथे तो तग धरतो. मांस गोठविले तर तो मरेल म्हणावे, तर तेही नाही. थंडीने रासायनिक क्रिया मंदावतात. ज्या युक्तीने आपण मांस टिकवितो, त्याच युक्तीने विषाणूही टिकतो.

"पण आमचे लोणचे चांगले शिजविलेले असते!" मान्य. पुरेशी उष्णता आतपर्यंत पोचली तर विषाणू नष्ट होतो. अडचण आहे ती मोजमापाची. फोडीच्या गाभ्याचे तापमान महिन्यापूर्वी किती अंश होते आणि किती मिनिटे होते, हे आज सांगणारा तापमापक विमानतळावरील अधिकाऱ्यापाशी नसतो. बरणीत मासा आहे की मटण, एवढेच त्याला पाहता येते. जे तपासता येत नाही त्यावर नियम कसा बांधणार?

शिवाय चुकीची किंमत पाहा. ब्रिटनमध्ये २००१ साली या रोगाची साथ आली. नॉर्थंबरलँडमधील एका शेतावर डुकरांना न उकळलेले खरकटे घालत, तेथे तिचा उगम मानला जातो. त्या खरकट्यात बेकायदा आलेले मांस असावे असा अंदाज आहे. साथ आटोक्यात आणण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली.

माझी तक्रार वेगळी आहे. विमानतळावरील काही फलकांवर नुसती मांसावर फुली मारलेली असते, कारण लिहिलेले नसते. कारण न कळलेला माणूस बरणी साडीत गुंडाळून नेतो! दोन ओळी जास्त लिहिल्या तर काय बिघडेल?

आणि हा धोका एकाच दिशेचा नाही. भारतात उतरणाऱ्यालाही मांसाचे पदार्थ जाहीर करावे लागतात. आखातातून कोकणात येणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. २०२५ साली इराक, कुवेत व बहरीन येथे या विषाणूचा 'सॅट-१' हा मूळचा आफ्रिकेतील प्रकार आढळला. आपल्याकडील लसीकरण 'ओ', 'ए' आणि 'एशिया-१' या तीन प्रकारांविरुद्ध आहे. रत्नागिरीच्या गोठ्यातील म्हशीला 'सॅट-१' पासून त्या लसीचे संरक्षण नाही.