भाकिते, पथ्ये आणि आपली पोरे

२०२४ च्या जुलै महिन्यात आम्ही भंडारदऱ्याला तरुणांचे दोन दिवसांचे अभ्यास शिबिर घेतले. अकोले, संगमनेर, सिन्नर भागातून वीस-पंचवीस मुले आली, बहुतेक दुचाकीवरून. शेंडीकडे येताना रंधा धबधब्याच्या अलीकडे एका मुलाची गाडी वळणावर घसरली. वेग कमी होता म्हणून गुडघ्यावर निभावले. पाऊस होता, सगळ्यांनी ओल्या रस्त्याला दोष दिला. खरे कारण रात्री जेवताना कळले. पोराने ताटातला भात बाजूला सारला.

"दादा, एकोणीस दिवस झाले. भात, भाकरी, चपाती सगळं बंद. दिवसातून एकदाच जेवायचं. उकडलेली अंडी आणि काळी कॉफी."

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर धावावे लागते. वजन उतरले की वेळ उतरेल, हे त्याला कुठल्याशा रीलने सांगितले होते. वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली, हे त्याने बरोबरच्या मुलांनाही सांगितले नव्हते.

थोड्या वेळाने तो आणखी एक गोष्ट बोलला. अभ्यासिकेच्या फीसाठी आईने दिलेले सहा हजार रुपये त्याने सट्ट्याच्या परदेशी ॲपवर लावले होते. मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतीच्या जगज्जेतेपदावर. ७ जुलैला जर्मनीतल्या शर्यतीत आघाडीवर असलेला होर्हे मार्टिन शेवटून दुसऱ्या फेरीत पडला, फ्रान्चेस्को बान्याया जिंकला आणि गुणतक्त्यात वर गेला. लगेच एका भाकीतवाल्या चॅनेलने जाहीर केले : बान्यायाचे विजेतेपद शंभर टक्के पक्के. आमच्या पोराने त्या शंभर टक्क्यांवर आईचे पैसे ठेवले.

आता कुणी विचारेल, आंबेडकरी चळवळीच्या लेखात मोटारसायकलची शर्यत आणि डाएट कशाला? आमचे उत्तर असे की, या दोन्ही दुकानांत एकच माल विकला जातो. त्या मालाचे नाव खात्री. नोकरीची खात्री नाही, शिक्षणाची खात्री नाही, अशा घरातल्या पोरांना तो माल सर्वांत लवकर खपतो.

शंभर टक्क्यांचा हिशेब

आधी भाकितांचे पाहू. २०१९ मध्ये मार्क मार्केझने १५१ गुणांच्या फरकाने विजेतेपद घेतले. २०२० मध्ये दुसरे नाव घ्यायला कुणी धजत नव्हते. हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत, जुलैमध्ये हेरेझला, तो पडला आणि दंडाचे हाड मोडले. विजेता ठरला जोआन मिर, आणि त्या संपूर्ण हंगामात मिरने मुख्य शर्यत जिंकली ती फक्त एक. मार्केझचे काय? पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, संपला असे लोक म्हणू लागले, आणि २०२५ मध्ये तोच पुन्हा जगज्जेता झाला. म्हणजे त्याच्या विजयाचे भाकीत चुकले आणि अंताचेही चुकले.

२०२४ तर आणखी बोलके आहे. बान्यायाने रविवारच्या अकरा मुख्य शर्यती जिंकल्या. मार्टिनने तीन. तरी विजेतेपद मार्टिनकडे गेले, ५०८ विरुद्ध ४९८ गुणांनी. कारण गुण फक्त पहिल्याला मिळत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे आणि शनिवारच्या छोट्या शर्यतीचेही मिळतात. जो कमी वेळा पडला, तो वर राहिला. आमच्या पोराचे सहा हजार त्या दहा गुणांत गेले.

आकडेवारी मांडून शक्यता सांगणे हा गुन्हा नाही. 'याची संधी जास्त दिसते' असे म्हणणारा प्रामाणिक असू शकतो. पण शक्यतेला खात्रीचे लेबल लावून जो पैसे मागतो, तो पोपटवाल्या ज्योतिषाचा भाऊबंद आहे. दहा जणांना दहा वेगळी नावे सांगायची. ज्याचे बरोबर येईल तो स्क्रीनशॉट फिरवतो, उरलेले नऊ गप्प बसतात.

भगवान बुद्धांच्या नावाच्या सर्किटवर, ग्रेटर नोएडात, सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी झाली. आता दरवर्षी होणार, असे सांगितले गेले; पुढच्या वर्षी झालीच नाही. ज्यांचे नाव त्या मैदानाला दिले, त्यांनी दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात कशाकशाला हीन विद्या म्हटले, ते वाचा. कोणता राजा जिंकेल, कोणता हरेल, पाऊस पडेल की नाही, हे सांगून पोट भरणे त्या यादीत आहे. राजाच्या जागी रेसर आला, पोथीच्या जागी मोबाईल आला. धंदा तोच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगले झाले. पण बंदी ॲपवर येते, मनातल्या 'शंभर टक्के' वर येत नाही. ते काम कार्यकर्त्याचे आहे.

पाणी उतरते, चरबी नाही

आता पथ्यांकडे वळू. कर्बोदके बंद केली की पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली येतो आणि माणूस भक्त होतो. यात जादू नाही. शरीर ग्लायकोजेन नावाचा साठा ठेवते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. साठा संपला की पाणी गेले. भात खाल्ला की परत आले. आमच्या पोराचा घोटाळा इथेच झाला. १६०० मीटर धावताना स्नायूंना जे इंधन लागते, तेच त्याने बंद केले होते. वजन उतरले, धाव मंदावली, आणि घाटात अंधारी आली.

ज्याला आज कीटो म्हणतात तो आहार १९२० च्या दशकात अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांसाठी पुढे आला. डॉक्टरांच्या देखरेखीखालचा उपचार होता तो. शंभर वर्षांनी तो रीलमध्ये आला; देखरेख वाटेत गळाली. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला. रोज सुमारे १,५७० कॅलरी मिळत. ते चिडचिडे झाले, उदास झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. आजचे कित्येक 'क्रॅश डाएट' याहूनही कमी देतात, आणि मग टिकले नाही की 'तुझ्यात निर्धार नाही' म्हणतात.

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी 'दीक्षित की दिवेकर' हा वाद रंगला. एकीकडे दिवसातून दोनदाच जेवा, दुसरीकडे थोड्या थोड्या वेळाने खा. आम्ही कुणाची टिंगल करत नाही. दोन वेळा जेवून वजन उतरलेले, साखर ताब्यात आलेले लोक आमच्याही ओळखीत आहेत. पण दोन जेवणांची पद्धत मांडणारेच सांगतात की ती अठरा वर्षांखालील मुलांसाठी नाही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी नाही, टाइप वन मधुमेहींसाठी नाही. व्हॉट्सॲपवर फिरताना नेमकी हीच ओळ कापली जाते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता उपास केला तर साखर धोकादायक पातळीवर उतरते. प्रश्न दोनदा की सहादा हा नाही. प्रश्न कुणासाठी, हा आहे.

कुणाचे ताट?

अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. तांदूळ आणि गहू. ज्या घराचे ताट या पाच किलोवर उभे आहे, त्याला 'भात-चपाती विष आहे' असे सांगणारा माणूस त्या घरात कधी जेवला आहे का? 'प्रोटीन वाढवा' म्हणता? शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय सरकारने २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. हवे असेल तर लोकवर्गणी करा म्हणाले. श्रीमंताचे पोर जिममध्ये चमच्याने प्रोटीन पावडर मोजते आणि गरिबाच्या पोराचे अंडे हिशेबातून वजा होते. याला आम्ही डाएट म्हणत नाही, धोरण म्हणतो.

भंडारदऱ्याचेच पाहा. १९२६ मध्ये प्रवरेवरचे धरण पूर्ण झाले. पाऊस पडतो महादेव कोळी आणि ठाकरांच्या डोंगरावर. पाणी कालव्यांनी खाली जाते, तिथे ऊस झाला, साखर कारखानदारी उभी राहिली, सत्ता उभी राहिली. वरच्या वाड्यांत उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन फिरतात. पाणी खाली गेले, गोडवा खाली गेला. आता खालच्या शहरांना साखर बाधते म्हणून ती शहरे वर बघतात आणि म्हणतात, नाचणी खा, वरई खा!

हेच धान्य आदिवासी पिढ्यान् पिढ्या खात होता तेव्हा सरकारी कागदावर ते 'भरड धान्य' होते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, नाचणी मॉलच्या पाकिटात गेली आणि तिच्यामागे 'श्री' लागला : श्रीअन्न. खाणारा बदलला की अन्नाची जात बदलते, याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला एम.ए.च्या पुस्तकांत सापडले नव्हते. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले, त्यांना पद्मश्री मिळाली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण बियाणे जपणाऱ्या समाजाला त्या पाकिटाच्या किमतीतले किती मिळते, हेही विचारलेच पाहिजे.

समाजशास्त्र आम्हाला एवढे शिकवते : ज्या दुःखाचे कारण रचनेत आहे, त्याचा दोष व्यक्तीच्या गळ्यात बांधला जातो. लठ्ठ झालास, तुझी चूक. अशक्त राहिलास, तुझीच चूक. पैजेत हरलास, नीट अभ्यास केला नाहीस. पूर्वजन्मीच्या पापाचा सिद्धांत याहून वेगळा काय सांगत होता?

मात्रा

मग आपण अन्नावर बोलायचेच नाही का? बोलायचे. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा असे सांगितले. तोही आहारातला बदल होता. पण तो कमरेच्या मापासाठी नव्हता, मानेच्या ताठपणासाठी होता. एकट्याने करायचा नव्हता, सगळ्या समाजाने मिळून करायचा होता.

आणि बुद्धांनी तर दोन्ही टोके अंगावर घेतली. राजवाड्यातले पक्वान्न पाहिले, नंतर हाडांचा सापळा होईपर्यंत उपास केला, आणि सुजाताची खीर स्वीकारून मध्यम मार्ग धरला. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी येतो. द्रोणभर भात खाऊन धापा टाकत बसतो. बुद्ध त्याला अमुक बंद कर म्हणत नाहीत. जेवताना भान ठेव, मात्रा ओळख, एवढेच सांगतात. राजा एका तरुणाला ती गाथा पाठ करायला लावतो आणि रोज जेवताना म्हणायला सांगतो. हळूहळू त्याचा आहार उतरतो, शरीर हलके होते. एकवीस दिवसांत नाही. हळूहळू.

म्हणून शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ठरलेला विषय बाजूला ठेवला आणि मुलांसमोर तीन प्रश्न मांडले. कुणीही 'हे कर' म्हणाला की विचारा : यातून पैसे कुणाला मिळतात? ज्यांचे चुकले ते कुठे आहेत? हे माझ्या घरच्या ताटाला आणि माझ्या शरीराला लागू आहे का? बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथ यांपैकी कशावरही केवळ तेवढ्यासाठी विश्वास ठेवू नका म्हणून सांगितले. रील त्यात आपसूक आली.

आणि फक्त प्रश्न विचारून थांबू नका. गावातल्या शाळेत, अंगणवाडीत ठरलेले अन्न खरोखर शिजते का, रेशन पूर्ण मिळते का, हे महिन्यातून एकदा चार जणांनी जाऊन पाहा, लिहून ठेवा, कमी पडले तर लेखी तक्रार करा. त्यातून जेवढी प्रथिने पोरांच्या पोटात जातील, तेवढी कुठल्याही रीलमधून जाणार नाहीत.

तो मुलगा आता भाकरी, डाळ, अंडी, जे घरात असेल ते पोटभर खातो आणि पहाटे धावतो. आईला त्याने सगळे सांगितले. सहा हजार तो एका गॅरेजमध्ये काम करून फेडतो आहे. भरतीत त्याचे काय होईल, असे परवा एकाने आम्हाला विचारले. आम्ही उत्तर दिले नाही. भाकीत करायचे नाही, असे त्याच्याशीच ठरले आहे.

जय भीम!