मिलिग्रॅम नको, किलो सांगा

कचरा डेपोचं लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी, टँकरने आणायचं, मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पात ओतायचं, बाहेर पडणाऱ्या पाण्याची एक बाटली प्रयोगशाळेत धाडायची आणि आकडे मर्यादेत आले की ‘चाचणी यशस्वी’ असा शेरा मारायचा. या प्रकाराला मी चाचणी मानत नाही, ही फसवणूक आहे. भरपूर पाण्यात थोडं लिचेट मिसळलं तर ते दिसत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

हिशेब करून बघा. समजा, रोज एक लाख लिटर लिचेट आलं आणि त्याचा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) लिटरला ४,००० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ४०० किलो. पाच कोटी लिटर मैलापाण्यात ते गेलं की सीओडी वाढतो लिटरमागे अवघा ८ मिलिग्रॅम. मैलापाण्याचा स्वतःचा सीओडी सकाळ ते दुपार यापेक्षा कितीतरी जास्त वरखाली होतो. तेव्हा त्या ४०० किलोंतला कणही प्रकल्पातल्या जिवाणूंनी खाल्ला नाही, तरी अहवालात काही उमटणार नाही. नदीत मात्र वर्षाला जवळजवळ दीडशे टन जाणार.

आणि जिवाणू ते खात नाहीतच, निदान जुन्या ढिगाचं तरी नाही. ताज्या कचऱ्याच्या लिचेटमधली आम्लं त्यांना पचतात. वर्षानुवर्षं कुजलेल्या कचऱ्यातून झिरपतं ते काळपट पाणी वेगळं. त्यात उरतात न कुजणारी ह्युमिक द्रव्यं आणि भरमसाट अमोनिया. त्याचा बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) सीओडीच्या दहाव्या हिश्शाहूनही खाली येतो, आणि हाच कमी बीओडी पुढे करून ‘भार फारसा नाही’ असं सांगितलं जातं, याची मला चीड येते. बीओडी कमी याचा अर्थ जिवाणूंना खाण्याजोगं काही उरलेलं नाही. शिवाय लिचेट विषारी असेल तर बीओडीच्या बाटलीतले जिवाणूही मंदावतात आणि आकडा आणखी खाली दिसतो. नमुना जास्त पातळ केल्यावर हिशेबाने येणारा बीओडी वाढत गेला, तर विषाची शंका घ्यायलाच हवी.

अमोनियाचा प्रश्न वेगळाच. एक किलो अमोनिया नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार किलोंहून जास्त ऑक्सिजन लागतो. हे काम करणारे जिवाणू सावकाश वाढतात आणि लवकर दगावतात. फक्त बीओडी उतरवण्यासाठी बांधलेल्या प्रकल्पात ते पुरेसे नसतातच.

नियम तरी काय सांगत आले? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत नदी-नाल्यात सोडायच्या लिचेटला सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम होती. सार्वजनिक मलवाहिनीच्या रकान्यात सीओडीसमोर नुसती रेघ! तिथे अमोनिया नायट्रोजनला मात्र ५० ची मर्यादा होती, म्हणजे डेपोवर आधी प्रक्रिया केल्याशिवाय असलं लिचेट वाहिनीत सोडताच येत नव्हतं. ती प्रक्रिया टाळण्यासाठी टँकरची पळवाट काढली जात असेल, तर अभियंत्यांनी सही करायला नकार द्यावा.

खरी चाचणी करायची असेल तर दोन टाक्या शेजारी शेजारी चालवा: एकीत नुसतं मैलापाणी, दुसरीत लिचेट मिसळलेलं. टाकीतला गाळ किमान तीनदा पूर्ण बदलेपर्यंत थांबा. गाळाचं वय दहा दिवस असेल तर महिनाभर. पावसाळ्यात करा, कारण लिचेट तेव्हाच उसळतं. आणि एप्रिलमध्येही करा, कारण तेव्हा ते दाट असतं. गाळातले जड धातू तपासा, तो गाळ पुढे शेतात जातो. आत किती किलो गेलं, किती नाहीसं झालं, किती बाहेर पडलं, तेवढं लिहा.

डेपोचं लिचेट काय करतं ते पुण्याजवळ दिसलं आहे: उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांच्या विहिरी पुण्याच्या कचऱ्याने नासल्या, त्यांना टँकरचं पाणी प्यावं लागलं. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते आणि सोलापूर उजनीचं पाणी पितं. किलोंचा हिशेब सोलापूरकरांपुढे मांडल्याशिवाय लिचेटचा एकही टँकर डेपोच्या फाटकाबाहेर पडता कामा नये.